उपवासकाळ: किती खायचं आणि काय खायचं नाही

आलेला प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई पुण्याच्या, हिंदू घरातल्या. लग्न होऊन वसईच्या कॅथलिक कुटुंबात आल्या आहेत. येत्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या 40 दिवसांत, नवऱ्यासोबत आपणही उपवास धरावा असं त्यांच्या मनात आहे, पण चौकशी केली तर प्रत्येकानं वेगळंच सांगितलं. नवरा म्हणतो, शुक्रवारी मटण-चिकन नाही, मासळी चालते. शेजारचं केरळी ख्रिस्ती कुटुंब 50 दिवस दूधसुद्धा घेत नाही. अहिल्यानगरची प्रोटेस्टंट मैत्रीण म्हणते, आमच्यात असा नियमच नाही. सासूबाई 63 वर्षांच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू, तरी राखेच्या बुधवारी (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेला दिवसभर काही खात नाहीत. यातला खरा उपवास कुठला, त्या दिवशी घरात शिजवायचं काय, आणि साबुदाण्याची खिचडी चालेल का?

ताई, तिघंही आपापल्या चर्चच्या रीतीप्रमाणे बरोबर सांगताहेत. तुमची अडचण वेगळ्या जागी आहे. 'उपवासाला काय चालतं' हा एकच प्रश्न तुम्ही सगळ्यांना विचारताय, आणि कॅथलिक घरात त्या दिवशी दोन वेगळे नियम असतात. एक नियम किती खायचं ते सांगतो: दिवसात पोटभर जेवण एकदाच. हा उपवास. दुसरा नियम काय खायचं नाही ते सांगतो: मांस वर्ज्य. वर्षातले दोनच दिवस असे की दोन्ही नियम एकत्र लागतात, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. उपवासकाळातल्या बाकीच्या शुक्रवारी फक्त दुसरा नियम असतो. त्या दिवशी तीन वेळा नीट जेवलात तरी चालतं, ताटात मांस नको एवढंच. मी दरवर्षी उपवासकाळाच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीतल्या समाजात) या विषयाचा वर्ग घेते. तिथे येणाऱ्या निम्म्याहून अधिक शंका हे दोन नियम एकमेकांत मिसळल्यामुळेच आलेल्या असतात.

आता साबुदाणा. तुमच्या माहेरी उपवास म्हणजे धान्य बंद, आणि साबुदाणा, वरी, शेंगदाणे, रताळी चालू. चतुर्थीला दोन वेळा खिचडी खाल्ली तरी उपवास मोडत नाही. राखेच्या बुधवारी मात्र साबुदाणा आणि ज्वारीची भाकरी यांत काहीही फरक नाही. पोळी, भात, डाळ, कांदा, लसूण, दूध, अंडी सगळं चालतं. पण खिचडीची भरलेली ताटली म्हणजे एक जेवण झालं. सकाळी खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, रात्री उपवासाचं थालीपीठ असा दिवस काढलात तर माहेरच्या रीतीनं तो उपवास ठरेल, राखेच्या बुधवारच्या रीतीनं ठरणार नाही. चतुर्थी तुमच्या पद्धतीनं करा, बुधवार चर्चच्या पद्धतीनं. एकाचे नियम दुसऱ्याला लावायला गेलात की दोन्हीकडे घोळ होतो.

वसई, मुंबई, गोवा, पुणे, नाशिक इथले बहुतेक कॅथलिक लॅटिन, म्हणजे रोमच्या, रीतीचे आहेत. त्यांना कॅथलिक चर्चची 1983 ची कायदेसंहिता लागू होते, आणि आपल्या विषयापुरती पाहायची कलमं पाचच, 1249 ते 1253. मांसवर्जन 14 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागू आहे आणि त्याला वरची वयोमर्यादा नाही. उपवास 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत, म्हणजे एकोणसाठावा वाढदिवस होईपर्यंत. सासूबाईंवर उपवासाचं बंधन केव्हाच संपलं आहे, मांस टाळण्याचं आहे. घरातली लहान मुलं दोन्हींतून मोकळी. पण त्यांना यामागचं कारण समजावून सांगणं ही आईवडिलांची आणि धर्मगुरूंची जबाबदारी आहे, असं 1252 हे कलम वेगळं सांगतं.

तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून एक वर्ष उदाहरणादाखल घेऊ. 2027 मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला, गुड फ्रायडे 26 मार्चला आणि ईस्टर 28 मार्चला येतो. 10 फेब्रुवारी ते 27 मार्च मोजले तर दिवस 46 भरतात. त्यांतले 6 रविवार वगळले की 40 उरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपवासात धरत नाहीत. याच वर्षी 19 मार्चला, संत योसेफच्या सोहळ्याला, शुक्रवार आला आहे. सोहळ्याच्या, म्हणजे सर्वांत वरच्या, दर्जाचा सण शुक्रवारी आला तर त्या दिवशी मांसवर्जन लागू होत नाही (कलम 1251). नाताळ शुक्रवारी आला की तेच, आणि ईस्टरनंतरच्या पहिल्या शुक्रवारीही तेच. दरवर्षी यावरून कुठल्या ना कुठल्या घरात वाद होतो, म्हणून कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा.

राखेच्या बुधवारी एकदा पोटभर आणि दोनदा थोडं, हे ताटात कसं दिसतं ते पाहू. 1966 साली पोप पॉल सहावे यांनी नियम सैल करताना सांगितलं की पूर्ण जेवण एक, पण सकाळी आणि संध्याकाळी थोडं काही घ्यायला हरकत नाही, प्रमाण स्थानिक रीतीप्रमाणे. रूढ समज असा की ही दोन छोटी खाणी मिळूनही एका पूर्ण जेवणाइतकी होऊ नयेत. त्याआधीच्या काळात नीतिशास्त्राचे शिक्षक आकडे देत: सकाळी 2 औंस, म्हणजे सुमारे 60 ग्रॅम, आणि संध्याकाळी 8 औंस, म्हणजे सुमारे 225 ग्रॅम. आज हे आकडे बंधनकारक नाहीत, पण अंदाजासाठी उपयोगी पडतात. आपल्या स्वयंपाकघराच्या हिशेबात सांगायचं तर सकाळी चहा आणि एक साधी पोळी किंवा ब्रेडचे दोन तुकडे. दुपारी तुमचं नेहमीचं जेवण, तीन पोळ्या खात असाल तर तीनच, भाजी, डाळ, भात. 'आज उपवास आहे, पुढे काही मिळणार नाही' म्हणून पाच पोळ्या नकोत. संध्याकाळी एक मोठी वाटी पेज आणि लोणच्याची फोड. मधल्या वेळेत काही नाही. बिस्कीट नाही, फरसाण नाही, मूठभर दाणेही नाहीत. उपवास मोडतो तो बहुधा या मधल्या खाण्यामुळे, जेवणामुळे नाही. पूर्ण जेवण दुपारीच हवं असंही नाही. ज्यांची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संध्याकाळी असते किंवा जे लोकलनं लांब कामाला जातात, त्यांनी दुपारी हलकं खाऊन मोठं जेवण रात्री ठेवलं तरी चालतं.

पाण्यावर बंदी नाही, कधीच नव्हती. पेयांनी उपवास मोडत नाही ही जुनी धारणा आहे, त्यामुळे चहा, कॉफी, ताक, लिंबू सरबत चालतं. मिल्कशेक किंवा सुकामेवा घातलेली लस्सी मात्र पेल्यातलं जेवणच आहे, ती पळवाट नको. याच्याशी आणखी एका नियमाची गल्लत होते, तीही इथेच सोडवते. मिस्सेत ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) घेण्याआधी एक तास पाणी आणि औषध सोडून काही घ्यायचं नाही, हा नियम वेगळा आणि वर्षभराचा आहे. पूर्वी तो मध्यरात्रीपासून असे, 1957 मध्ये तीन तासांवर आणि 1964 मध्ये एका तासावर आला. घरातली वयस्कर मंडळी 'मिस्सेला उपाशीपोटी जायचं' असं म्हणतात, ते त्या जुन्या शिस्तीतून आलेलं आहे.

पेजेचं प्रमाण विचारलं जातं, म्हणून देते. चार जणांना एक वाटी उकडा तांदूळ, सात ते आठ वाट्या पाणी, मंद आचेवर 35 ते 40 मिनिटं. मीठ शेवटी. कुकरमध्ये करायची असेल तर पाणी सहा वाट्या पुरे, पण डबा अर्ध्याच्या वर भरू नका, फेस शिटीतून बाहेर येतो. साध्या तांदळाची पेज पटकन चिकट होते आणि तासाभरात भूक लागते. उकड्याचे दाणे मोकळे राहतात आणि पोटाला जास्त वेळ आधार देतात. सोबत खारातली कैरी किंवा लोणचं. गोव्यातल्या आणि मुंबईतल्या अनेक कॅथलिक घरांत गुड फ्रायडेला पेजच असते, आणि ते योग्यच आहे. त्या दिवशी दुपारी तीनच्या प्रार्थनेला जायचं असतं, बराच वेळ उभं राहावं लागतं, तेव्हा पोटात हलकं आणि पाणीदार काही असलेलं बरं.

आता मांस म्हणजे काय. मटण, चिकन, डुक्कर, बैल, बदक, सगळं मांस. चिकन 'हलकं' म्हणून चालतं असं मानणारे लोक मला दरवर्षी भेटतात; चालत नाही. कलेजी, वजडी, पाया, खिमा, रक्ती हेही मांसच. पुलावात घातलेले गोवा सॉसेजचे चार तुकडेही मांसच. मासे, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, कालवं, सुके बोंबील, जवळा हे चालतं. अंडी, दूध, तूप, चीज चालतं. इतकंच काय, प्राण्याच्या चरबीत परतलेली फोडणीही 1966 च्या नियमानं चालते, तसा उल्लेखच त्यात आहे. सार आणि रस्सा यांचं मात्र थोडं अवघड आहे. 1917 च्या जुन्या कायद्यात मांसाबरोबर मांसाचं सारही नाव घेऊन वर्ज्य केलं होतं. नव्या नियमात मांस एवढंच म्हटलं आहे. त्यामुळे मटणाच्या फोडी काढून उरलेला रस्सा चालतो का, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. मी वर्गात 'नको' असंच सांगते. ज्या रश्श्याची सगळी चव मांसाची आहे, तो पोळीशी ओढून खाल्ला तर आपण सोडलं काय? पाकिटातल्या चिकन सूपला आणि चिकन क्यूबलाही माझं तेच उत्तर. क्यूब बिर्याणीत, नूडल्समध्ये नकळत पडतो, त्यामुळे गुरुवारी रात्रीच मसाल्याच्या डब्यातून तो बाजूला काढून ठेवा.

तुम्हाला माहेरच्या सवयीमुळे एक शंका नक्की येईल: भांडी. मटणाच्या पातेल्यात शुक्रवारची आमटी करायची का? खुशाल करा. धुतलेलं पातेलं हे पातेलंच. कॅथलिक नियमात सोवळं-ओवळं, विटाळ, वेगळी चूल असलं काही नाही. ज्या तेलात काल चिकन तळलं त्यात आज बोंबील तळला, तरी नियम मोडत नाही. मांस हे अपवित्र म्हणून सोडत नाहीत. ते चांगलं आहे, आवडीचं आहे, म्हणून सोडतात. हे एवढं लक्षात आलं की बाकीच्या बऱ्याच शंका आपोआप सुटतील.

मग मासे का चालतात? तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी दिलेलं कारण असं की जमिनीवर राहून हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांचं मांस माणसाला जास्त रुचतं आणि शरीराला जास्त पुष्टी देतं, म्हणून उपवासात ते सोडायचं. युरोपातल्या गरीब माणसाला मासळी हे साधं खाणं होतं. आपल्याकडे हे गणित उलटं होऊन बसतं. शुक्रवारी मटण नाही म्हणून पापलेट आणायचं, कोळंबीची बिर्याणी करायची, म्हणजे रोजच्यापेक्षा जास्त खर्च करून जास्त चमचमीत जेवायचं. कायद्याचं बोट कुठेच अडकत नाही, पण उपवासकाळाचा अर्थ त्या ताटात उरत नाही. राखेच्या बुधवारनंतर दोनच दिवसांनी, पहिल्याच शुक्रवारी, मिस्सेत बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचा 58 वा अध्याय वाचला जातो: भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, हा उपवास देवाला हवा आहे. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. मांसवर्जनाचा पहिला शुक्रवार पाळतानाच कानावर हे पडतं. म्हणून माझा आग्रह असा की शुक्रवारच्या मासळीचा खर्च नेहमीच्या मटणाच्या खर्चाच्या निम्म्यावर ठेवा. सुका बोंबील-बटाटा, जवळ्याची चटणी, मुगाची उसळ, अंड्याची आमटी यांत चार माणसं छान जेवतात. वाचलेले पैसे त्याच दिवशी वेगळ्या डब्यात टाका. महिनाअखेरीला 'बघू' म्हटलं की ते पैसे उरत नाहीत. कारितास इंडिया या कॅथलिक मदतसंस्थेची उपवासकाळातली मदत मोहीम असते, धर्मग्रामातही गरजूंसाठी निधी असतो. शेजारच्या एखाद्या आजाऱ्याच्या औषधालाही ते पैसे लावता येतील.

उपवासकाळाबाहेरच्या शुक्रवारांचं उत्तर मात्र तुम्ही कुठे राहता यावर अवलंबून आहे. मूळ कायद्यात वर्षातला प्रत्येक शुक्रवार प्रायश्चित्ताचा आहे. पण कलम 1253 नुसार देशाच्या बिशप परिषदेला मांसवर्जनाऐवजी दुसरी तपश्चर्या, विशेषतः दानधर्म किंवा भक्तीची कृती, ठरवून देता येते. त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकानं सांगितलेला नियम तुम्हाला जसाच्या तसा लागू होईल असं नाही. उपवासकाळाआधी बिशपांचं पत्रक चर्चमध्ये वाचून दाखवतात आणि फलकावर लावतात. फोनवर फिरणाऱ्या संदेशांपेक्षा ते पाहा.

शेजारच्या केरळी कुटुंबाकडे वळू. ते सीरो-मलबार असतील तर तेही कॅथलिकच, पोपना मानणारे, पण पूर्वेकडच्या रीतीचे. त्यांचा कायदा वेगळा आणि धर्मप्रांतही वेगळा. महाराष्ट्रातल्या सीरो-मलबार लोकांसाठी कल्याणचा धर्मप्रांत 1988 मध्ये झाला. त्यांच्याकडे राखेचा बुधवार नाही. उपवासकाळ त्याआधीच्या सोमवारी सुरू होतो आणि राख त्याच दिवशी लावतात. आदल्या रविवारला पेथुर्था म्हणतात. त्या रविवारपासून ईस्टरपर्यंत, दोन्ही धरून, बरोबर 50 दिवस भरतात. मांस, मासे, अंडी, दूध हे सगळं सोडण्याची त्यांची जुनी परंपरा आहे. कायद्यानं सक्तीचं त्याहून बरंच कमी आहे, पण अनेक घरं परंपरा पूर्ण पाळतात. नाताळाआधी 25 दिवसांचा उपवास आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठ दिवसांचा मरियेचा उपवास हेही त्यांच्यात आहेत. मलंकारा ऑर्थोडॉक्स (केरळातलंच, पण पोपच्या अधिकाराखाली नसलेलं चर्च) कुटुंब असेल तर रीत साधारण अशीच, शिवाय वर्षभर बुधवार-शुक्रवार. बुधवार-शुक्रवारची ही प्रथा फार जुनी आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लिखाणातही याच दोन दिवशी उपवास करा असं सांगितलेलं आहे.

त्यांच्यासारखं 50 दिवस करून पाहायचं मनात असेल तर आधी स्वयंपाकघर तपासा. दूध सोडायचं म्हटलं की चहा, दही, ताक तर गेलंच, पण पोळीला लावलेलं तूप, बेकरीचा पाव, दूधपावडर घातलेली बिस्किटं, पनीर, मिठाई हेही गेलं. पहिल्या आठवड्यात माणूस दमतो तो यामुळे: जे सोडलं त्याच्या जागी काही आलं नाही, फक्त भात आणि बटाटा वाढला. 60 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. शिजलेल्या 100 ग्रॅम मुगातून 7 ग्रॅम मिळतात, म्हणजे दिवसातून दोन-तीन वेळा कडधान्य किंवा डाळ ताटात हवीच, वर मूठभर दाणे. केरळी घरात कंजीबरोबर (पेज) पयर (मूग किंवा चवळी) आणि पुट्ट्याबरोबर (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) काळे चणे असतात, ते उगीच नाही. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, पालेभाज्या. आधीपासूनच बी-12 कमी असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी चालू ठेवा. तुम्ही नव्यानं सुरू करताय, तेव्हा माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी लॅटिन रीतीचे दोन उपवास आणि सगळे शुक्रवार एवढंच नीट पाळा.

मैत्रिणीचंही खरं आहे. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत नेमका या नियमावरच वाद पेटला होता. 1522 मध्ये झुरिकला उपवासकाळात काही जणांनी सॉसेज खाल्लं आणि तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली यानं त्यांची बाजू घेतली: बायबलनं बांधलेलं नाही ते चर्चनं सक्तीचं करू नये. अहिल्यानगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासून आहे, आणि तिथली बरीच चर्च आज उत्तर भारतीय चर्चमध्ये आहेत, जे 1970 मध्ये नागपूरला स्थापन झालं. त्यांच्याकडे उपवासकाळ पाळतात, शुक्रवारच्या प्रार्थना असतात, पण मांस खाऊ नका अशी सक्ती नाही. ज्याला वाटेल तो स्वेच्छेनं करतो. तेव्हा मैत्रिणीशी वाद घालू नका.

वसईत अनेक घरं कायद्यापेक्षा जास्त करतात: पूर्ण 40 दिवस मांस नाही, दारू नाही, लग्नकार्य नाही. नवऱ्याच्या घरी तसं असेल तर दोन गोष्टी राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशीच ठरवा. पहिली, रविवारी मांस चालणार की नाही. चर्च रविवार उपवासात धरत नाही, म्हणून काही घरं खातात, काही सलग सोडतात. दोन्ही बरोबर, पण दर रविवारी सकाळी नव्यानं चर्चा नको. दुसरी, फ्रिज. मंगळवारी रात्री उरलेलं इंदेल (मांसाचं कालवण) किंवा मटण मागच्या कोपऱ्यात राहतं आणि बुधवारी सकाळी कुणीतरी सवयीनं डब्यात भरून नेतं. मंगळवारीच संपवा, वाटून टाका, नाहीतर फ्रीझरमध्ये टाकून वर तारखेची चिठ्ठी लावा. चुकून खाल्लं गेलंच तर घाबरू नका. विसरून झालेली गोष्ट पाप होत नाही, लक्षात आलं तिथे थांबायचं. ऑफिसच्या पार्टीत शुक्रवारी बिर्याणीच असेल तर भात आणि रायता घ्या, गाजावाजा न करता. राखेच्या बुधवारच्या शुभवर्तमानात, मत्तय 6 मध्ये, उपवास करताना तोंड उतरवून फिरू नका असंच सांगितलं आहे.

उपवासाच्या दिवशी त्रास होतो तो बहुधा भुकेपेक्षा इतर कारणांनी. दिवसाला चार-पाच चहा पिणाऱ्यानं बुधवारी एकदम चहाही बंद केला की दुपारी डोकं ठणकतं. चहा सोडायचाच असेल तर आठवडाभर आधीपासून रोज थोडा कमी करा. रिकाम्या पोटी कडक चहा घेतला की आंबट ढेकर येतात. आधी पोळीचा तुकडा, मग चहा. आणि ऊन. गुड फ्रायडे मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये येतो, क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाचे टप्पे आठवत चालत करायची प्रार्थना) अनेक ठिकाणी उघड्यावर असते. सकाळपासून दोन ते अडीच लिटर पाणी पोटात गेलेलं हवं, डोक्यावर रुमाल किंवा छत्री हवी. चक्कर आली तर सावलीत बसा, मीठ-साखर-पाणी घ्या. त्यानं उपवासाला काही बाधा येत नाही.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत: तुमचा कॅथलिक बाप्तिस्मा झालेला नाही, त्यामुळे यातला कुठलाही नियम तुम्हाला बांधत नाही (कलम 11). तुम्ही धराल तो पूर्ण तुमच्या मर्जीचा उपवास असेल. अर्ध्यात सोडावा लागला तरी कुणाला उत्तर द्यायचं नाही. दिवस राहिले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर उपवास करूच नका. अशा बाईला चर्चही उपवास करायला लावत नाही.

राहिल्या सासूबाई. वयानं त्या मोकळ्या आहेत, आजारानं दुसऱ्यांदा मोकळ्या आहेत. तरी 'इतकी वर्षं केलं, आता कसं सोडू' असं त्यांना वाटत असेल तर ते मन मोडू नका, फक्त उपाशी राहू देऊ नका. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन राखेच्या बुधवारच्या किमान आठवडाभर आधी त्यांच्या डॉक्टरांकडे जा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर घसरण्याचा धोका कमी असतो. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी साखर झपाट्यानं खाली येऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांत उपाशी राहिलं आणि पाणी कमी पडलं तर वेगळा धोका असतो. डोस त्या दिवशी बदलायचा की नाही हे डॉक्टरच ठरवतील, घरच्या घरी गोळी चुकवू नका. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं असं काही दिसलं तर लगेच बोटाची तपासणी करा. 70 च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि आकडा वर आला की जेवायला वाढा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

त्यांच्या मनाच्या समाधानासाठी धर्मगुरूंशी बोला. कलम 1245 नुसार त्यांना एखाद्या व्यक्तीला उपवासातून सूट देता येते किंवा त्याऐवजी दुसरं काही सांगता येतं. सासूबाईंना कायद्यानं त्याची गरज नाही, पण फादरांच्या तोंडून ऐकलं की त्या पिढीला ते पटतं. मांस तर त्या सोडूच शकतात, त्यात मधुमेहाची अडचण नाही. बुधवारी त्यांना चार वेळा थोडं थोडं वाढा: नाचणीची भाकरी, मुगाची उसळ, ताक, एक उकडलेलं अंडं. पेज देऊ नका, त्यांची साखर तिनं पटकन वर जाईल.